छाती न चिरता बसवलेली झडप आणि नंतरचा ताप

"छाती चिरली न्हाई, टाका न्हाई, मग ह्यो ताप कशाचा?" वडूजजवळच्या एका वाडीतल्या आबांनी तपासणीच्या टेबलावर बसता बसता विचारले. वय ७८. नऊ दिवसांपूर्वी पुण्यात त्यांच्या हृदयात जांघेतून नळी घालून नवी झडप बसवली होती. घरी येऊन चार दिवस बरे गेले आणि आदल्या रात्री हुडहुडी भरून ताप आला. मुलाने मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या कॅप्सूल आणल्या होत्या. "अजून दिल्या न्हाईत, तुमास्नी दाखवून देऊ म्हटलं," तो म्हणाला. त्याचे हे थांबणे किती मोलाचे होते ते पुढे सांगतो.

हृदयातून शरीराला रक्त नेणाऱ्या महाधमनीच्या तोंडाशी एक झडप असते. उतारवयात तिच्यावर चुन्याचे थर बसून ती ताठर होते. निरोगी झडप तीन ते चार चौरस सेंटीमीटर उघडते. आजार बळावला की हे तोंड एक चौरस सेंटीमीटरहूनही कमी होते. मग चढावर दम लागतो, छातीत दुखते, चक्कर येऊन माणूस पडतो. पूर्वी यावर छाती उघडणे हाच इलाज होता. फ्रान्समधील रुआँ येथे डॉ. आलँ क्रिबिए यांनी २००२ च्या एप्रिलमध्ये पहिल्यांदा नळीतून झडप बसवली. आता आपल्याकडेही हे उपचार होतात. गुजरातेत वापी येथे अशी झडप तयारही होते.

यात जुनी झडप काढत नाहीत. नवी झडप, जी बहुधा जनावराच्या हृदयावरील आवरणापासून बनवलेली असते, तिच्या आत फुलवून बसवतात. त्या वेळी चुन्याचे थर दाबले जातात, धमनीच्या अस्तराला ओरखडे पडतात, आणि धातूची जाळी रक्ताला परकी वाटते. काही पद्धतींत झडप फुलवताना हृदय क्षणभर अतिवेगाने चालवून रक्तदाब मुद्दाम उतरवावा लागतो. या सगळ्याला शरीर दाहाने उत्तर देते. पांढऱ्या पेशी वाढतात, रक्तातील सीआरपी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढते, अंग कोमट होते. बाहेर जखम एवढीशी, पण आत शरीराला ती कळलेली असते. बहुतेकांत हा दाह आपोआप उतरतो, आणि छाती उघडण्याच्या शस्त्रक्रियेपेक्षा तो सहसा कमीच असतो. मात्र म्हाताऱ्या माणसाची मूत्रपिंडे थकलेली, सोबत मधुमेह, अशा वेळी तोच दाह जड जाऊ शकतो.

आबांचा ताप मात्र नवव्या दिवसाचा, तोही थंडी वाजून. त्याला नुसता दाह म्हणून सोडून देता येत नाही. जंतू रक्तात शिरून नव्या झडपेवर बसले तर जिवावर बेतते. हे क्वचित घडते, पण घडते. ते ओळखण्याची मुख्य तपासणी म्हणजे रक्ताचे कल्चर, आणि त्यासाठी रक्त अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी घ्यावे लागते. आधीच कॅप्सूल पोटात गेली तर जंतू बाटलीत उगवत नाहीत आणि डॉक्टर अंधारात चाचपडतात. म्हणून मुलाचे थांबणे मोलाचे.

रक्त व लघवी दोन्ही तपासायला पाठवली, पुण्याच्या डॉक्टरांशी फोनवर बोललो आणि आबांना लगेच पुन्हा तिकडे धाडले. लघवीत जंतू निघाले, रक्त स्वच्छ होते. प्रोस्टेटमुळे तुंबलेल्या लघवीचा तो ताप. तिथून जंतू झडपेपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. वेळेवर उपचार झाले, आबा आठवड्याने परतले.

अशा रुग्णाच्या घरच्यांनी थर्मामीटर घरात ठेवावा. म्हाताऱ्यांना कधी ताप येतच नाही. माणूस नुसता बरळतो, जेवण टाकतो. तेही तितकेच गंभीर. जांघेत लाली, पू किंवा फुगा, लघवी कमी होणे, दम, भोवळ, यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. सूज उतरवणारी म्हणून मिळणारी डायक्लोफेनॅकसारखी गोळी मनाने देऊ नये, मूत्रपिंडाला मार बसतो. आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी ताप आला म्हणून बंद करू नये.

आबांचे दोन दात हलतात, ते काढायचे आहेत. दाताच्या डॉक्टरांना झडपेचे कार्ड आधी दाखवायचे आणि दात काढण्यापूर्वी अर्धा ते एक तास अँटिबायोटिकचा एक डोस घ्यायचा, हे मुलाला कागदावर लिहून दिले आहे.