फालेओलो–पांगो पांगो विमानमार्ग

फालेओलो–पांगो पांगो विमानमार्ग : दक्षिण पॅसिफिक महासागरातील सॅमोआ हा स्वतंत्र देश व अमेरिकन सॅमोआ हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा प्रदेश यांना जोडणारा हवाई मार्ग. फालेओलो विमानतळ ऊपोलू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, आपीआ या राजधानीच्या पश्चिमेस असून पांगो पांगोचा विमानतळ टूटूइला बेटावर टाफूना येथे आहे. दोहोंमधील अंतर सु. १५० किमी. असून पंख्यांच्या लहान विमानास ते कापण्यास साधारणतः ३५ ते ४० मिनिटे लागतात. मात्र या मार्गावर वाररेषा ओलांडावी लागत असल्याने जाताना एक वार मागे व परतताना एक वार पुढे जातो.

हवाई अंतर बृहत् वृत्ताच्या कंसावरून काढतात. येथे अंतर अल्प असल्याने पृथ्वीची वक्रता उपेक्षणीय ठरते. दोन्ही विमानतळांच्या अक्षांशांतील सु. अर्ध्या अंशाचा फरक म्हणजे सु. ५५ किमी., तर रेखांशांतील सु. १·३ अंशांचा फरक म्हणजे सु. १४० किमी.; या दोन भुजांचा कर्ण सु. १५० किमी. येतो. ताशी ३०० किमी. वेगाने हे अंतर अर्ध्या तासाचे होय. चढण्या-उतरण्यास लागणारा काळ त्यात मिळवावा लागतो. आग्नेयीकडील व्यापारी वारे जाताना समोरून व परतताना मागून येतात.

दोन्ही बेटे १८०° रेखावृत्ताच्या पूर्वेस आहेत. अमेरिकेशी व्यापार सोयीचा व्हावा म्हणून १८९२ मध्ये सॅमोआत ४ जुलै हा दिवस दोनदा मोजून अमेरिकेकडील वार स्वीकारण्यात आला. १८९९ च्या करारान्वये ही द्वीपे जर्मनी व अमेरिका यांच्यात विभागली गेली, तरी वार एकच राहिला. १९६२ मध्ये स्वतंत्र झालेल्या पश्चिमेकडील सॅमोआचा व्यवहार पुढे न्यूझीलंड व ऑस्ट्रेलिया यांच्याशी वाढला. तेथील शुक्रवारी न्यूझीलंडमध्ये शनिवार, तर तेथील रविवारी सिडनीत सोमवार असे. त्यामुळे आठवड्यातील दोन कामाचे दिवस वाया जात. म्हणून २०११ मध्ये गुरुवार, २९ डिसेंबरनंतर एकदम शनिवार, ३१ डिसेंबर धरण्यात आला. अमेरिकन सॅमोआने वार बदलला नाही व वाररेषा दोन्ही सॅमोआंमधून जाऊ लागली.

सॅमोआने २०२१ मध्ये उन्हाळी वेळ रद्द केल्यापासून दोहोंतील फरक बरोबर २४ तासांचा आहे. त्यामुळे घड्याळ बदलावे लागत नाही; दिनांक तेवढा बदलतो. फालेओलोहून रविवारी सकाळी दहाला निघालेला प्रवासी शनिवारी पावणेअकराच्या आत पांगो पांगोस पोहोचतो. एकच भाषा व निकटचे नातेसंबंध असलेल्या या लोकांना विवाह, अंत्यविधी वा रविवारची उपासना ठरविताना कोणत्या बाजूचा वार हे आधी स्पष्ट करावे लागते. शनिवारी विश्रांतिदिन पाळणाऱ्या ख्रिस्ती पंथीयांत तर नव्या गणनेतील खरा सातवा दिवस कोणता, यावर मतभेद झाले. व्यापारासाठी केलेल्या बदलाने दूरचे देश वाराने जवळ आले. अर्ध्या तासावरील शेजार मात्र एका दिवसाने दूर गेला.