ब्राउझरची विस्तारके : अडसरांचे प्रकार आणि पत्करायची जोखीम

महाजालावरील पाने उघडणारे साधन म्हणजे न्याहाळक, अर्थात ब्राउझर. त्याच्या मूळ रचनेत नसलेले गुण त्याला देणारी छोटी आज्ञावली म्हणजे विस्तारक. रोजच्या बोलण्यात आपण तिला एक्स्टेंशन म्हणतो. जाहिराती गाळणे, पासवर्ड सांभाळणे, परभाषेतील मजकूर भाषांतरित करणे, रोमन कळफलकावरून मराठी टंकलेखन करणे अशी तिची नाना कामे आहेत. मात्र हवे असलेले विस्तारक बसवू जाता ब्राउझर पुष्कळदा नकार देतो. या नकारामागे एकच कारण नसते, आणि कारण ओळखल्याशिवाय तो ओलांडणे शहाणपणाचे नसते.

विस्तारकांचा उगम १९९७ सालापर्यंत मागे जातो. त्या वर्षी मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररच्या चौथ्या आवृत्तीत ‘ब्राउझर हेल्पर ऑब्जेक्ट’ ही सोय आली. इतरांनी लिहिलेला घटक थेट ब्राउझरच्या पोटात चालवण्याची मुभा तिने दिली. पुढे याच वाटेने जाहिराती लादणाऱ्या नकोशा टूलबारांचा सुळसुळाट झाला. २००४ मध्ये फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि विस्तारके सामान्य वापरकर्त्यांच्या परिचयाची झाली. गूगलच्या क्रोमला ही सोय २०१० च्या आरंभी मिळाली व त्याच वर्षाच्या अखेरीस त्याचे अधिकृत भांडार, म्हणजे वेब स्टोअर, खुले झाले.

रचनेच्या दृष्टीने विस्तारक म्हणजे काही फाइलींचे गाठोडे होय. त्यातील ‘मॅनिफेस्ट’ ही फाइल त्याचे घोषणापत्र असते. विस्तारकाचे नाव, आवृत्ती आणि त्याला लागणाऱ्या परवानग्या तीत नोंदवलेल्या असतात. क्रोममध्ये प्रत्येक विस्तारकाला ३२ अक्षरांचे ओळखनाम मिळते. ते रोमन ‘ए’ ते ‘पी’ या सोळाच अक्षरांतून घडते आणि निर्मात्याच्या सार्वजनिक किल्लीवरून (पब्लिक की) गणिताने काढले जाते. त्यामुळे तिच्या जोडीची खाजगी किल्ली ज्याच्या स्वाधीन नाही, त्याला दुसऱ्याच्या ओळखनामाने नवी आवृत्ती सहजी खपवता येत नाही.

अडसरांचे स्थूलमानाने पाच प्रकार करता येतात. पहिला उगमाचा : विंडोजवरील क्रोमने मे २०१४ पासून सामान्य वापरकर्त्यांसाठी भांडाराबाहेरील विस्तारके बंद केली. दुसरा स्वाक्षरीचा : ऑगस्ट २०१६ मधील फायरफॉक्सच्या ४८ व्या आवृत्तीपासून मोझिलाची अंकीय स्वाक्षरी नसलेले विस्तारक सर्वसाधारण आवृत्तीत बसत नाही. तिसरा कालबाह्यतेचा : नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्सने आपली जुनी विस्तारकपद्धती सोडली, तर क्रोमने २०२४ पासून मॅनिफेस्टच्या दुसऱ्या पिढीवरील विस्तारके टप्प्याटप्प्याने बंद केली. चौथा दोषाचा : घातक ठरलेली विस्तारके ब्राउझर दूरस्थपणे निष्क्रिय करतो. पाचवा संस्थेचा : कार्यालयाचा वा महाविद्यालयाचा संगणकप्रशासक धोरणाद्वारे काही किंवा सर्व विस्तारकांना मज्जाव करतो.

अडसर म्हणजे अपराधाचा पुरावा नव्हे, हेही ध्यानात घ्यावे. मे २०१९ मध्ये मोझिलाच्या स्वाक्षरीव्यवस्थेतील एका प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जगभरातील फायरफॉक्सची निर्दोष विस्तारकेही एकाएकी बंद पडली.

अडसर ओलांडण्याचे काही मार्ग ब्राउझरनेच, मुख्यतः विकासकांसाठी, ठेवले आहेत. क्रोमच्या विस्तारकांच्या पानावर ‘डेव्हलपर मोड’ चालू केल्यास उघड्या फोल्डरातून विस्तारक चढवता येते. फायरफॉक्समध्ये ते तात्पुरते चढवता येते, पण ब्राउझर बंद होताच निघून जाते. स्वाक्षरीची अट कायमची काढण्याची सोय त्याच्या डेव्हलपर एडिशन, नाइटली आणि दीर्घकालीन आधाराच्या ईएसआर या आवृत्त्यांपुरतीच आहे. फोल्डरातून चढवलेले विस्तारक आपोआप अद्ययावत होत नाही. नव्या आवृत्तीतून येणारी अनाहूत घाण त्यामुळे टळते, पण सुरक्षेच्या दुरुस्त्याही पोहोचत नाहीत.

जोखमीचे मूळ परवानग्यांत आहे. ‘सर्व संकेतस्थळांवरील तुमची सर्व माहिती वाचणे आणि बदलणे’ हे वाक्य आपण घाईने मान्य करतो. बँकेच्या पानावरील कूटबद्धता मजकुराचे रक्षण करते ते वाटेत. ब्राउझरमध्ये पोहोचल्यावर तो मजकूर उलगडतो आणि ही परवानगी मिळालेले विस्तारक नेमके तेथेच असते. खात्यातील शिल्लक वाचणे, टंकलेला पासवर्ड टिपणे, पानावरील आकडा बदलून दाखवणे हे सारे त्याच्या आवाक्यात येते.

अधिकृत भांडाराचा शिक्काही निर्णायक मानता येत नाही. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे क्रोमवरील लोकप्रिय विस्तारक २०२० मध्ये नव्या मालकाकडे गेले आणि घातक संहिता आढळल्याने फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते हटवले. डिसेंबर २०२४ मध्ये सायबरहेवन या माहितीसुरक्षेच्याच कंपनीचा एक कर्मचारी फसव्या ईमेलला बळी पडला आणि हल्लेखोरांनी तिच्या विस्तारकाची दूषित आवृत्ती भांडारातूनच वापरकर्त्यांपर्यंत पोहोचवली. स्वाक्षरी गाठोडे कोणाकडून आले व वाटेत बदलले की नाही, एवढेच सांगते. आतल्या संहितेचा हेतू सांगत नाही.

म्हणून निर्णय अडसराच्या प्रकारावरून घ्यावा. उगमाचा वा स्वाक्षरीचा अडसर असेल आणि निर्माता परिचित, संहिता तपासण्याजोगी असेल, तर विचार करण्यास हरकत नाही. कालबाह्य विस्तारकाला अट्टहासाने जगवण्यापेक्षा पर्याय शोधणे बरे. दोषामुळे बंद केलेले विस्तारक कदापि बसवू नये. संस्थेचा मज्जाव असेल तर प्रशासकाची लेखी परवानगी मागावी. तो संगणक आपल्या एकट्याचा नसतो. बसवायचेच ठरले तर आधी मॅनिफेस्टमधील परवानग्या वाचाव्यात, बँक आणि ईमेल यांपासून वेगळ्या प्रोफाइलमध्ये ते ठेवावे, क्रोममध्ये त्याचा संचार निवडक संकेतस्थळांपुरता मर्यादित करावा आणि काम संपताच ते काढून टाकावे.

ओळखनामाविषयीची एक बाब येथे नोंदवण्याजोगी आहे. क्रोममध्ये उघड्या फोल्डरातून चढवलेल्या विस्तारकाच्या मॅनिफेस्टमध्ये सार्वजनिक किल्ली दिलेली नसेल, तर त्याचे ३२ अक्षरी नाव आपल्या संगणकावरील त्या फोल्डरच्या मार्गावरूनच काढले जाते. तेव्हा त्या नावामागे निर्मात्याची हमी उरत नाही. ज्याने ते फोल्डर तेथे ठेवले, त्याचीच उरते.