वैद्यकाची वाट आणि गणिताची सोडचिठ्ठी

दहावीचा निकाल लागला कीं आमच्या टेंभी नाक्यावर घरोघरीं एकच खल सुरू होतो. मुलीला डॉक्टर व्हावयाचें आहे, तेव्हां जीवशास्त्र घेतलेंच पाहिजे. परंतु त्याच्या जोडीस गणित ठेवावें, कीं तें सोडून पीकशास्त्र अथवा मत्स्यशास्त्र यांसारखा द्विलक्षी विषय घ्यावा? आजोबा गणिताचा पक्ष घेतात, वडील गुणांचा हिशेब मांडतात, आणि शेजारचें कोणीतरी "पीकशास्त्र घ्या, सुटाल!" असें सांगून जातें.

हें सुटणें कसलें, तें प्रथम पाहिलें पाहिजे. द्विलक्षी विषय २०० गुणांचा असून एक वैकल्पिक विषय आणि दुसरी भाषा या दोहोंची जागा तो एकटाच घेतो. म्हणजे गणिताबरोबर मराठी किंवा संस्कृतही जातें. (संस्कृताच्या जुन्या मास्तरांना हें खुपावयाचेंच; तेवढा आमचा स्वार्थ वाचकांनीं वजा करावा.) प्रात्यक्षिकाचा वाटा मोठा असल्यामुळें बारावीची टक्केवारी चांगली फुगते, हेंच त्याचें खरें आकर्षण.

पण वैद्यकाच्या प्रवेशास ती टक्केवारी उपयोगी पडत नाहीं! 'नीट' परीक्षा २०१३ सालीं प्रथम झाली, त्याच वर्षीं सर्वोच्च न्यायालयानें ती रद्द ठरविली, आणि २०१६ सालीं ती परतली. आज प्रवेशाचा क्रम तिच्याच गुणांवर लागतो. बारावीस भौतिक, रसायन व जीवशास्त्र यांत नियमाप्रमाणें लागणारे किमान गुण असले म्हणजे पात्रता झाली. पीकशास्त्रांत किती मिळाले, हें तेथें कोणी विचारीत नाहीं.

नीटच्या ७२० गुणांपैकीं ३६० जीवशास्त्राचे, आणि त्यांत वनस्पतींचा वाटा मोठा. "मला माणसांचा डॉक्टर व्हायचें आहे, झाडांचा नव्हे," असें म्हणून तेवढे धडे मागें टाकणारीं मुलें आमच्या पाहण्यांत आहेत. तक्षशिलेच्या जीवकाला गुरूनें औषधी नसलेली वनस्पती शोधून आणावयास सांगितली, तेव्हां तो रिकाम्या हातांनीं परतला, आणि त्याची विद्या पुरी झाली असें गुरूनें मानलें, ही बौद्ध ग्रंथांतील कथा त्यांना सांगावी.

गणिताचा पेपर नीटला नाहीं, हें खरें. तरी भौतिकशास्त्राच्या १८० गुणांना आकडेमोड लागतेच. शिवाय, जागा न मिळाली तर? खाडीपलीकडे कळव्याचें वैद्यकीय महाविद्यालय दिसतें जवळ, पण तेथेंही वाट नीटमधूनच जाते. गणित सोडलेल्या मुलीला औषधनिर्माण, कृषि, परिचर्या या शाखा मोकळ्या राहतात. अभियांत्रिकी व संख्याशास्त्र बहुतेक मिटतात. उलट, गणित घेऊन जीवशास्त्र सोडलेल्यासही तें बारावीनंतर जादा विषय म्हणून घेऊन नीटला बसण्याची मुभा नोव्हेंबर २०२३ मध्यें राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानें दिली. म्हणून, गणिताचा जिला मनापासून कंटाळा आहे तिनें तें खुशाल सोडावें. केवळ टक्क्यांसाठीं सोडूं नये, असें आमचें मत आहे.

घरांतील खल मात्र चार दिवस थांबवावा. अकरावीचें जीवशास्त्राचें पुस्तक आणून मुलीच्या हातीं द्यावें, आणि सुटींत, कोणीं न सांगतां, ती त्याचीं किती पानें उलटते तें पाहावें.