केस कापल्यानंतर कुत्र्याच्या त्वचेची आग

केस कापून, अंघोळ घालून आणलेला कुत्रा त्याच रात्री पोट किंवा जांघ सतत चाटू लागला, तर बहुधा केस कापण्याच्या यंत्राचे तापलेले पाते त्वचेला घासलेले असते. जागा लाल होते, बारीक पुरळ उठते. दुसरे नेहमीचे कारण शाम्पू. माणसाच्या त्वचेचा सामू साधारण 5.5, कुत्र्याची त्वचा त्याहून कमी आम्लधर्मी असते. त्यामुळे माणसांचा शाम्पू तिला सोसत नाही, आणि नीट न धुतला तर कुत्र्यांसाठीचाही नाही. पवनीसारख्या वैनगंगेकाठच्या गावात पावसाळ्यात दाट केस आतून ओलेच राहतात. त्या ओलाव्यात जंतू वाढून काही तासांत ओलसर, दुखरा चट्टा पडू शकतो.

साध्या थंड पाण्याने जागा धुऊन, टिपून पूर्ण कोरडी करावी. गळ्यात शंकूच्या आकाराची कॉलर घालावी; चाटणे थांबले की अर्धे काम होते. फिनाइल, रॉकेल किंवा घरातले मलम मुळीच लावू नये, ते चाटून पोटात जाते. मांजराच्या तर फिनाइल जिवावर बेतू शकते, कारण त्यातले विष त्याच्या यकृताला नीट निकामी करता येत नाही.

अंघोळीनंतर एक-दोन दिवसांत पाठीवर दुखऱ्या गाठी, ताप, मलूलपणा दिसला, तर तो केसांच्या मुळांचा खोल संसर्ग असू शकतो. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. फिरत्या पथकासाठी 1962 हा निःशुल्क क्रमांक आहे. अधिक तपासण्यांसाठी पवनी परिसराला नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळचे. वापरलेल्या शाम्पूची बाटली सोबत न्यावी.