मारिया कॅलास : स्वरातील नाट्याची सम्राज्ञी

जानेवारी १९४९. व्हेनिसमधील ‘ला फेनिचे’ या नाट्यगृहात पंचवीस वर्षांची एक गायिका वॅग्नरच्या ‘दी वाल्क्यूरे’ या ऑपेरात ब्रुनहिल्डेची भूमिका करीत होती. तेथेच लगोलग बेलिनीचा ‘ई पुरितानी’ सादर व्हायचा होता. परंतु त्यातील नायिकेची भूमिका करणारी मार्गेरिता कारोसिओ आजारी पडली. संगीतसंचालक तुलिओ सेराफिन यांनी ती भूमिकाही याच तरुण गायिकेवर सोपविली. हाती जेमतेम आठवडाभराचा अवधी होता. तेवढ्यात तिने ती आत्मसात केली आणि रंगमंचावर जिंकलीही. इटलीतील संगीतविश्व थक्क झाले. ही गायिका म्हणजे मारिया कॅलास.

या पराक्रमाचे मोल कळण्यासाठी ऑपेरातील आवाजांची वाटणी समजून घ्यावी लागते. ऑपेरात बहुतेक संवाद गाऊनच म्हटले जातात. परंपरेने ध्वनिक्षेपकाची मदत नसते. भल्यामोठ्या वाद्यवृंदाच्या नादावर मात करून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवावा लागतो. स्त्रीस्वरातील सर्वांत उंच पट्टीला सोप्रानो म्हणतात. पण सोप्रानोतही भेद आहेत. वॅग्नरच्या नायिकांना भारदस्त, दमदार आवाज लागतो, तर बेलिनीच्या एल्विराला चपळ आणि द्रुत स्वरालंकार लीलया घेणारा. एकाच गळ्याला हे दोन्ही साधणे दुर्मीळ. तेही एकाच महिन्यात!

मारियाचा जन्म २ डिसेंबर १९२३ रोजी न्यूयॉर्कमध्ये, ग्रीसहून स्थलांतरित झालेल्या कुटुंबात झाला. मुलगा व्हावा अशी आस लावून बसलेल्या आईने पुढे याच मुलीच्या गळ्यावर आपल्या महत्त्वाकांक्षेचा सारा भार टाकला. १९३७ मध्ये आई तिला घेऊन अथेन्सला परतली. तेथे एल्विरा दे हिदाल्गो ही स्पॅनिश गायिका तिला गुरू म्हणून लाभली. आपली तालीम संपली तरी मारिया वर्गातच बसून राही आणि इतर विद्यार्थ्यांचे गाणे ऐके. जर्मनव्याप्त अथेन्समध्ये, १९४२ साली, तिने प्रथम ‘तोस्का’ गायिली. १९४७ मध्ये व्हेरोनाच्या प्राचीन खुल्या रंगमंडलात ‘ला जोकोंदा’ गाऊन तिने इटलीत पाऊल ठेवले. सेराफिन यांच्याशी तिचा सहयोग तेथेच सुरू झाला. १९४९ मध्ये व्हेरोनाचे उद्योगपती जोव्हान्नी बात्तिस्ता मेनेगिनी यांच्याशी तिचा विवाह झाला. ७ डिसेंबर १९५१ रोजी मिलानच्या ‘ला स्काला’चा हंगाम तिच्याच गाण्याने सुरू झाला.

तिचा आवाज रूढ अर्थाने गोड नव्हता. खर्जातून तारसप्तकाकडे जाताना त्याचे सांधे जाणवत. कधी तो धारदार, तर कधी काहीसा घुसमटलेला वाटे. तरीही तिने ऑपेराचा इतिहास बदलला. याचे कारण ‘बेल कान्तो’ या गायनपरंपरेत सापडते. रोसिनी, बेलिनी व दोनिझेत्ती यांच्या एकोणिसाव्या शतकातील रचना स्वरालंकारांनी नटलेल्या आहेत. विसाव्या शतकात त्यांतील अनेक विस्मरणात गेल्या होत्या. ज्या उरल्या, त्या गळ्याच्या कसरतीसाठी ओळखल्या जात. संगीतातील प्रत्येक गोष्टीला कारण असते, ही सेराफिन यांची शिकवण मारियाने शिरोधार्य मानली. तिच्या गळ्यातील द्रुत स्वरपंक्ती कधी भय सांगे, कधी विश्वासघाताची वेदना. दोनिझेत्तीची ‘आन्ना बोलेना’ आणि केरुबिनीची ‘मेदेआ’ यांसारख्या विस्मृतीत गेलेल्या कृती तिच्यामुळे पुन्हा रंगमंचावर आल्या. पुढच्या पिढीतील जोन सदरलँड व मोन्सेरात काबाये यांची वाट त्यामुळे मोकळी झाली.

तिची दृष्टी इतकी अधू होती की रंगमंचावरून तिला संगीतसंचालकाचे हातही धड दिसत नसत. म्हणून ती संपूर्ण संहिता मुखोद्गत करूनच उभी राही. १९५३-५४ मध्ये तिने सुमारे पस्तीस किलो वजन घटविले. १९५५ मध्ये लुकिनो व्हिस्कोन्ती यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘ला त्राविआता’त तिने साकारलेली व्हायोलेत्ता आजही आदर्श मानली जाते.

मात्र या शिखरावरचा मुक्काम अल्प ठरला. २ जानेवारी १९५८ रोजी रोममध्ये, इटलीच्या राष्ट्राध्यक्षांच्या उपस्थितीत, आजारी मारियाने ‘नॉर्मा’ पहिल्या अंकानंतर सोडून दिले. वृत्तपत्रांनी तिला लहरी व उद्धट ठरविले. १९५९ मध्ये ग्रीक जहाजसम्राट अ‍ॅरिस्टॉटल ओनासिस यांच्यासाठी तिने पतीची साथ सोडली. ओनासिस यांनी १९६८ मध्ये विवाह केला तो जॅकलिन केनेडी यांच्याशी. तिच्या गाण्यापेक्षा खासगी आयुष्याचीच चर्चा अधिक होऊ लागली. इकडे तिचा आवाज डळमळू लागला होता. ऐन तारुण्यात पेललेल्या जड भूमिका, झपाट्याने घटलेले वजन, स्नायू दुर्बल करणारा आजार अशी अनेक कारणे आजवर मांडली गेली. एकमत मात्र झालेले नाही. ५ जुलै १९६५ रोजी लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये ‘तोस्का’ गाऊन तिने ऑपेराच्या रंगमंचाचा निरोप घेतला. तेव्हा ती अवघी एकेचाळीस वर्षांची होती.

१९७१-७२ मध्ये न्यूयॉर्कच्या जुलियार्ड संस्थेत तिने तरुण गायकांना धडे दिले. १९७३-७४ मध्ये जुझेप्पे दी स्तेफानो या जुन्या सहगायकाबरोबर ती पुन्हा मैफलींसाठी बाहेर पडली. श्रोत्यांनी प्रेमाने स्वागत केले, तरी आवाजातील पूर्वीचे तेज परतले नाही. १६ सप्टेंबर १९७७ रोजी पॅरिसमधील राहत्या घरी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, तिचे निधन झाले. तिची रक्षा पुढे एजियन समुद्रात विसर्जित करण्यात आली.

तिच्याहून मधुर आणि निर्दोष गाणाऱ्या गायिका तिच्या काळीही होत्या. तरीही १९५३ साली मुद्रित झालेली तिची ‘तोस्का’ आज सात दशकांनंतरही आवर्जून ऐकली जाते. कॉव्हेंट गार्डनमधील १९६४ च्या प्रयोगाचा दुसरा अंक चित्रफितीवर उपलब्ध आहे. ऑपेराशी परिचय नसलेल्या रसिकाने सुरुवात तेथून करावी. त्यात आवाज थकू लागल्याचे जाणवते. पण भीती, तिरस्कार आणि असहायता यांच्यातून जाणारी तोस्का पाहताना भाषेची अडचण उरत नाही.