हेलसिंकी–टोकिओ हवाई मार्ग
फिनलंड व जपान या देशांच्या राजधान्यांना जोडणारा हवाई मार्ग. दोन दूरस्थ शहरांमधील भौमितिक अंतर, प्रत्यक्ष उड्डाणाचे अंतर व प्रवासकाल यांतील फरक या मार्गाच्या इतिहासावरून स्पष्ट होतो.

पृथ्वीच्या केंद्रातून जाणारे प्रतल भूपृष्ठाला ज्या वर्तुळात छेदते, त्यास बृहद्‌वृत्त म्हणतात. भूपृष्ठावरील दोन स्थळांमधील लघुतम अंतर बृहद्‌वृत्ताच्या कंसावर मोजतात. हेलसिंकी व टोकिओ यांमधील असे अंतर सु. ७,८०० किमी. आहे. सपाट नकाशावर टोकिओ हेलसिंकीच्या आग्नेयीस दिसते. परंतु लघुतम मार्गाने जाणारे विमान प्रारंभी ईशान्येकडे जाते, रशियाच्या उत्तर भागात ध्रुववृत्ताला स्पर्श करून सायबीरियावरून दक्षिणेकडे वळते. ताशी सु. ९०० किमी. वेगाने हे अंतर पावणेनऊ तासांत कापता येते. आरोहण, अवरोहण व धावपट्टीवरील हालचाल यांचा वेळ धरून प्रवास सु. साडेनऊ तासांचा होतो. वातावरणाच्या वरच्या थरांतील वेगवान पश्चिमी वारे पूर्वेकडील प्रवासाला साहाय्यक, तर परतीच्या प्रवासाला प्रतिकूल ठरतात.

हा लघुतम मार्ग सर्वकाळ खुला नव्हता. शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएट संघाने आपल्या आकाशातून परदेशी विमानांना मुक्त प्रवेश दिला नाही. त्यामुळे स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने १९५७ मध्ये कोपनहेगनहून अलास्कातील अँकरिजमार्गे टोकिओस जाणारी ध्रुवीय सेवा सुरू केली. फिनएअर कंपनीने १९८३ मध्ये डीसी–१० विमानाने हेलसिंकी–टोकिओ विनाथांबा सेवा सुरू केली. हे विमान उत्तर ध्रुव व बेरिंग सामुद्रधुनी यांवरून जाई व त्यास सु. १३ तास लागत. पुढे सायबीरियाचे आकाश खुले झाल्यावर हाच प्रवास साडेनऊ तासांवर आला आणि आशियाला जाणाऱ्या युरोपीय प्रवाशांचे संक्रमणस्थान म्हणून हेलसिंकीचे महत्त्व वाढले.

रशियाने फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण केले. युरोपीय संघाने रशियन विमानांना आपले आकाश बंद केले व रशियानेही तसेच प्रत्युत्तर दिले. परिणामी फिनएअरच्या विमानांना पुन्हा ध्रुवावरून किंवा दक्षिणेकडून मध्य आशिया व चीनमार्गे वळसा घ्यावा लागला आणि प्रवासकाल पुन्हा सु. १३ तास झाला. लांबच्या मार्गासाठी अधिक इंधन व अधिक कर्मचारी लागतात. इंधनाचा भार वाढल्याने मालवाहतुकीची क्षमताही घटते.

घड्याळावरील वेळेवरून प्रवासकाल काढताना प्रमाणवेळेतील फरक वजा करावा लागतो. टोकिओची वेळ हेलसिंकीच्या पुढे हिवाळ्यात ७ तास, तर उन्हाळ्यात ६ तास असते. कारण फिनलंडमध्ये उन्हाळी वेळ पाळतात, जपानमध्ये पाळत नाहीत. उन्हाळ्यात सायंकाळी ५ वाजता निघालेले विमान साडेनऊ तासांनी टोकिओस पोहोचल्यास तेथे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेआठ वाजलेले असतात.

१९८३ ते २०२२ या काळात विमानांचा पल्ला व इंधनकार्यक्षमता पुष्कळ वाढली, तरी या मार्गाचा प्रवासकाल अखेर पूर्वीइतकाच झाला. दोन शहरांमधील अंतर भूगोल ठरवितो. ते किती वेळात कापता येईल, हे मात्र वाटेतील राष्ट्रांच्या संबंधांवरही अवलंबून असते.