गन घ्यावी ती ग्रिलसाठी

खांदा कॉलनीत किंवा नवीन पनवेलात सिडकोच्या जुन्या इमारतीतलं रंगाचं काम घेतलं की हमखास कुणीतरी म्हणतं, "दादा, मशीननं मारा ना, दोन तासांत आटपेल." मारायला दोन तास लागतात हे खरंच आहे. पण त्याआधी पंखा, ट्यूब, स्विचबोर्ड, कपाटं, खिडक्या आणि फरशी प्लास्टिक नि मास्किंग टेपनं झाकण्यात अर्धा दिवस जातो, त्याचा व्हिडिओ कुणी काढत नाही. राहत्या घरातल्या भिंतींना मी आजही रोलरच लावतो. स्प्रे गन बाहेर काढतो ती ग्रिल, दरवाजे, दुकानाचं शटर, वेताच्या खुर्च्या अशा कामांना. ग्रिलच्या नक्षीत ब्रश घालून बघा, म्हणजे कळेल.

गन धरायला मी शिकलो पेणजवळच्या जोह्यात, गणपतीच्या कारखान्यात. पनवेलहून गोवा हायवेनं निघालं की हमरापूर, जोहे ही मूर्तींची गावं लागतात. सीझनला तिथे दिवसभर कंप्रेसरची धडधड चालू असते. मूर्तीवर पांढऱ्या रंगाचा हात, अंगाचा रंग, पितांबराचा पिवळा हे सगळं गननं होतं. डोळ्यांची आखणी मात्र ब्रशनंच, आणि तीही जुन्या हातानंच. आम्हा पोरांना कारागिरांनी पहिली गोष्ट शिकवली ती मनगट न वाकवण्याची. खांद्यापासून अख्खा हात चालवायचा आणि गन वीतभर लांब ठेवायची. आधी हात सुरू करायचा, मग ट्रिगर दाबायचा. थांबताना उलट, ट्रिगर आधी सोडायचा. नवा पट्टा मागच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे. जवळ गेलात तर ओघळ येतात, लांब राहिलात तर रंग वाटेतच सुकतो आणि हात फिरवल्यावर खरखर लागते.

हवेनं रंग फवारण्याचं तंत्र जुनं आहे. 1893 साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनातल्या प्रचंड इमारती घाईघाईनं पांढऱ्या करायच्या होत्या, तेव्हा दाबाच्या हवेनं रंग फवारला गेला. विवेकानंद ज्या सर्वधर्म परिषदेत बोलले, ती याच प्रदर्शनाच्या निमित्तानं भरली होती.

आता मशीन कोणतं घ्यायचं? घरच्या हौसेला हातातली इलेक्ट्रिक गन पुरते, दोन-तीन हजारांच्या आसपास मिळते. कुंडीचा स्टँड, स्टूल, छोटं गेट यांना झकास. भिंतीचं इमल्शन तिला झेपत नाही. पाणी घालून पातळ केलं तर जाईल, पण भिंत झाकत नाही आणि रंगाचे हात वाढत जातात. फर्निचरच्या पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशला आणि ड्यूको रंगाला कंप्रेसरची कपवाली गन, नोझल 1.3 किंवा 1.4 मिलिमीटरचं. रिकाम्या फ्लॅटच्या भिंती किंवा नवी इमारत असेल तर एअरलेस. त्यात हवा नसते, पंपच रंगाला दोन-तीन हजार पीएसआयच्या दाबानं ढकलतो. तिच्या टिपवर 517 सारखा आकडा असतो. पहिल्या आकड्याची दुप्पट करा, म्हणजे फूटभरावरून दहा इंचांचा पट्टा. उरलेले 17 म्हणजे भोक इंचाच्या हजार भागांपैकी सतरा भागांचं. इमल्शनला 15 ते 19 चालतं, ऑइलपेंटला 11 ते 13.

एअरलेसपुढे बोट कधीही आणू नका. रंग कातडीत घुसतो. वरून टाचणी टोचल्याएवढंच दिसतं, पण आत तो पसरत जातो, बोट कापायची वेळ येते. "उद्या बघू" म्हणायचं नाही, तासाभरात हॉस्पिटल गाठायचं आणि कोणता रंग होता ते सांगायचं.

पनवेलच्या हवेचा विचार मशीनपेक्षा आधी करावा. जून ते सप्टेंबर मी लॅकरचं काम घेत नाही. ओल्या हवेत थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर दमट हवेतलं पाणी बसतं आणि चकचकीत दरवाजा दुधाळ होतो. कंप्रेसरच्या टाकीतही पाणी साचतं. रोज संध्याकाळी खालचा कॉक उघडून ते काढावं, आणि पाइपवर वॉटर सेपरेटर हवाच. गिऱ्हाईक चिडलं तरी लॅकरसाठी दिवाळीपर्यंत थांबायला लावतो.

कोविडचा उरलेला कापडी मास्क थिनरच्या वासाला काही कामाचा नाही. त्याला कार्ट्रिजवाला मास्क लागतो, पीयूला तर नक्कीच. बंद खोलीत थिनर मारताना फ्रिजचा प्लग आधीच काढून ठेवायचा, देवघरातला दिवा विझवायचा. जुनं ग्रिल कोरडं घासू नका. रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीच्या थरांत काय असेल सांगता येत नाही. पाणी लावून घासा, पोरांना लांब ठेवा.

एका घरासाठी एअरलेस विकत घ्यायची गरज नाही, भाड्यानं मिळते. आणताना टिप हातात घेऊन बघा. झिजलेल्या टिपचा पट्टा अरुंद पडतो आणि रंग जास्त खातो. रंग नायलॉनच्या जुन्या साडीतून गाळूनच भरा. परत देण्याआधी पाइपमधून स्वच्छ पाणी येईपर्यंत पंप चालवा, नाहीतर डिपॉझिट विसरा.